विशारद झालीय, पण बी.कॉम. केलंय, एम.ए. संगीतला घेतील का?

प्रश्न तासगावकडच्या एका वडिलांचा आहे, थोडक्यात असा, की मुलगी शिवाजी विद्यापीठातनं बी.कॉम. झाली, ५८ टक्के पडले, गाण्यात गांधर्व मंडळाची, म्हणजे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची, विशारद परीक्षा पूर्ण आहे, आणि आता तिला एम.ए. संगीत करायचंय. क्लासचे सर म्हणतात विशारद म्हणजे बी.ए.च की, काय अडचण नाही. आणि पाहुण्यांतलं कुणीतरी म्हणतंय की बी.ए. संगीत नसेल तर दारात उभं करत नाहीत. तर खरं काय, आणि एक वर्षात एम.ए. होतं म्हणतात ते खरं का.

दादा, दोघंही अर्धं अर्धं सांगतायत. तुमच्या मुलीला फॉर्म भरता येईल बऱ्याच ठिकाणी, पण तो विशारदच्या जोरावर नाही तर बी.कॉम.च्या जोरावर. हे उलटं वाटतं ना? मलापण वाटलं होतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते, मी मिरजेत २६ वर्षं गाणं शिकवतेय आणि मधल्या काळात दोनतीन ठिकाणी ऑडिशनला बाहेरची परीक्षक म्हणून बसलेय, त्यामुळं टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बघितलंय.

आधी विशारदचं. आपल्याकडं घराघरात हा समज पक्का बसलाय की विशारद म्हणजे पदवी आणि तिच्या पुढची अलंकार परीक्षा म्हणजे एम.ए. मंडळाबद्दल मला आदरच आहे, का नसावा, विष्णु दिगंबर पलुस्कर बुवा १८७२ ला कुरुंदवाडात जन्मले, मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं शिकले, १९०१ ला लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं आणि १९३१ ला देह ठेवला तो परत मिरजेतच, त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी मंडळ उभं केलं. प्रारंभिक, प्रवेशिकेच्या दोन, मध्यमेच्या दोन, विशारदच्या दोन, अशा सात परीक्षा देऊन पोरगी विशारद पूर्ण झाली म्हणजे तिनं सातआठ वर्षं घासलीयत, ते कुणी नाकारत नाही. पण पदवी हा कायद्यातला शब्द आहे. १९५६ चा यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, कायदा, त्याचं कलम २२, त्यात सरळ लिहिलंय की पदवी द्यायचा अधिकार विद्यापीठाला, किंवा विद्यापीठ मानलेल्या संस्थेला, किंवा संसदेनं खास अधिकार दिलेल्या संस्थेला. मंडळ ही परीक्षा घेणारी मोठी संस्था आहे, विद्यापीठ नाही. अलाहाबादच्या प्रयाग संगीत समितीची प्रभाकर परीक्षासुद्धा त्याच रांगेत. त्यामुळं 'पदवीधर' या रकान्यात विशारद लिहायची नाही. ती लिहायची 'सांगीतिक पात्रता' किंवा 'इतर पात्रता' या रकान्यात. रकाना चुकला की पुढचं सगळं चुकतं.

मला हे कसं कळलं सांगते. १९९४ साल, मी विशारद झालेली, बी.ए.चं शेवटचं वर्ष घरच्या अडचणीनं राहिलेलं, आणि माझ्या डोक्यात हेच की विशारद आहे ना, मग झालं. एका विद्यापीठाच्या खिडकीवर फॉर्म दिला, आतल्या माणसानं विशारदचं सर्टिफिकेट उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "हे छान आहे ओ, पण पदवीचं कुठंय?" मी म्हटलं हेच. तो हसला नाही, ते बरं केलं त्यानं, फक्त फॉर्म परत सरकवला. एस.टी.नं परत येताना पूर्ण रस्ताभर मी खिडकीतनं ऊस बघत बसले होते. मग वर्षभर बहिःस्थ म्हणून बसून बी.ए. पूर्ण केलं, आणि पुढच्या साली तोच फॉर्म, तीच खिडकी. एक वर्ष गेलं ते गेलंच. हल्ली अशी अडकलेली मुलं मुक्त विद्यापीठातनं पदवी पूर्ण करतात, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवी चालते, फक्त तीन वर्षांचा रीतसर अभ्यासक्रम पाहिजे. तुमच्या मुलीची तर बी.कॉम. नियमित आहे, तिचा हा प्रश्न सुटलेलाच आहे, म्हणजे ज्याला तुम्ही अडचण समजताय तोच तुमचा खरा पास आहे.

आता पाहुण्यांचं. 'बी.ए. संगीत नसेल तर घेत नाहीत' हे काही ठिकाणी खरं, काही ठिकाणी नाही. माहितीपत्रकात पात्रता म्हणून एक वाक्य असतं, सगळा खेळ त्या एका वाक्याचा. मी आजवर जेवढी वाचली त्यात तीन तऱ्हा दिसतात. एक, 'संगीत विषय घेऊन पदवी', म्हणजे बी.ए. संगीत किंवा तत्सम, तिथं बी.कॉम. चालत नाही. दुसरी, 'कोणत्याही शाखेचा पदवीधर, आणि विशारद किंवा समकक्ष परीक्षा उत्तीर्ण', ही तुमच्या मुलीसाठी जणू मापून शिवलेली. तिसरी, 'कोणत्याही शाखेचा पदवीधर, ऑडिशनमधून निवड', इथं विशारद सक्तीचं नसतं पण असलेलं बरं. आणि या तिन्हींच्या पुढं बहुतेक वेळा 'प्रवेश चाचणी बंधनकारक' असतंच. 'आणि' आणि 'किंवा' हे दोन शब्द पेन्सिलनं गोल करून वाचा, मी थट्टा करत नाही, माझ्या एका विद्यार्थ्यानं 'आणि' ला 'किंवा' वाचलं आणि जून महिना घालवला. वाक्य दर वर्षी बदलू शकतं, म्हणून गेल्या साली मावसबहिणीला मिळालं होतं या भरवशावर राहू नका, ज्या वर्षी फॉर्म भरायचा त्याच वर्षीचं माहितीपत्रक पाहिजे. वाचूनही शंका राहिली तर विभागाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. फोनवर कुणी "या की, होऊन जाईल" म्हणालं तर त्याला खिडकीवर काही किंमत नसते.

आणखी एक, बी.ए. झालेल्यांनापण सांगते. बी.ए.ला मराठी मुख्य आणि संगीत फक्त एका वर्षाला ऐच्छिक, असं असेल तर ती 'संगीत विषय घेऊन पदवी' होत नाही. गुणपत्रिकेत शेवटच्या वर्षाला संगीत दिसलं पाहिजे, मुख्य म्हणून.

नवीन शैक्षणिक धोरणानं इथं थोडी हवा आणलीय. यूजीसीनं २०२४ ला पदव्युत्तरचा जो आराखडा काढला त्यात म्हटलंय की पदवीला विषय कुठलाही असू दे, राष्ट्रीय किंवा विद्यापीठाची प्रवेश परीक्षा पास झालात तर वेगळ्या विषयात एम.ए. करता येईल. पण आराखडा आला म्हणजे प्रत्येक विद्यापीठानं त्या दिवसापासून दारं उघडली असं होत नाही ओ, शेवटी माहितीपत्रकातलं वाक्यच धरायचं. आणि एक वर्षाच्या एम.ए.चं ते, ते चार वर्षांची पदवी केलेल्यांसाठी आहे, १६० क्रेडिटवाली. तीन वर्षांची पदवी म्हणजे १२० क्रेडिट, त्यांना एम.ए. दोनच वर्षांचं. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलं तर पी.जी. डिप्लोमा हातात मिळतो, पण तो म्हणजे एम.ए. नव्हे. तुमच्या मुलीची बी.कॉम. तीन वर्षांची धरतेय मी, तर दोन वर्षं धरून चाला.

टक्क्यांचं जास्त टेन्शन घेऊ नका, बहुतेक ठिकाणी ४५ किंवा ५० ची अट, राखीव प्रवर्गाला सवलत, ५८ ला कुठं अडत नाही. फक्त गुणपत्रिकेवर सीजीपीए असेल तर टक्केवारीत रूपांतर केलेलं पत्र विद्यापीठाकडनंच घ्या, घरी गुणाकार करून लिहू नका. आणि ४९.६ म्हणजे ५० नव्हे, हे ज्यांना लागू आहे त्यांच्यासाठी.

कुठं कुठं बघायचं? सगळ्यात जवळ कोल्हापूर, शिवाजी विद्यापीठाचा संगीत व नाट्यशास्त्र विभाग, मुलगी त्याच विद्यापीठाची असल्यामुळं मायग्रेशन, म्हणजे विद्यापीठ बदलायचा दाखला, वगैरे भानगड नाही, आणि सांगलीतनं पन्नास किलोमीटर, मिरजेतनं रेल्वे आहे, एस.टी. तर सतत. तासगावहून रोज जाऊन येऊन मात्र रियाजाचं वाटोळं होतं, माझं ऐका, हॉस्टेल बघा. पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र, ते १९८७ पासूनचं, गुरुकुल पद्धतीचं, ऑडिशन कडक. भारती विद्यापीठाचं स्कूल ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स पुण्यातच. मुलींसाठी एसएनडीटी, मुंबई आणि पुणे दोन्हीकडं. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग. महाराष्ट्राबाहेर जायची तयारी असेल तर बडोदा, छत्तीसगडमधलं खैरागड, ते तर १९५६ पासून फक्त कलांचंच विद्यापीठ आहे, आणि बनारस हिंदू विद्यापीठ. बनारस, दिल्ली अशा केंद्रीय विद्यापीठांना सीयूईटी पीजी नावाची परीक्षा लागते, तिचे फॉर्म थंडीतच निघतात आणि परीक्षा साधारण मार्चमध्ये, म्हणजे आपल्याकडची मुलं निकालानंतर जूनमध्ये जागी होतात तोवर ती गाडी गेलेली असते. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा, आणि लेखीनंतर प्रात्यक्षिक वेगळं.

आता ऑडिशन. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण फॉर्म भरायला पंधरा दिवस आणि ऑडिशनला पंधरा मिनिटं, आणि प्रवेश ठरतो तो या पंधरा मिनिटांवर. विशारद पूर्ण झालेली मुलं इथं पडतात आणि घरी जाऊन म्हणतात वशिला होता. वशिल्याचं जाऊ दे, मी जिथं बसलेय तिथलं सांगते.

पहिलं, राग कुठला निवडायचा. मुलं दरबारी घेऊन येतात, नाहीतर मारवा, का तर भारदस्त वाटतं. एका मुलानं दरबारी घेतला, गंधाराचं आंदोलन त्यानं क्लिपा ऐकून पाठ केलेलं होतं, दिसत होतं ते, मग आमच्यातल्या एका ज्येष्ठांनी विचारलं की बाळ, भूप आणि देशकार म्हणून दाखव, स्वर तेच आहेत, फरक कर. तो गप्प. अहो भूप आपण प्रवेशिकेला शिकवतो! भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार, पूर्वांगात म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात खेळतो, देशकाराचा धैवत, उत्तरांगात, हे तोंडपाठ सांगितलं त्यानं नंतर, पण गळ्यातनं दोन्ही एकसारखेच येत होते. तेच मारवा, पूरिया, सोहनीचं, सहाही स्वर तेच, पण मारव्यात रिषभ-धैवताचं राज्य, पूरियात गंधार-निषादाचं, आणि सोहनी वरच्या अंगानं तार सप्तकाकडं धावणारी. असं काहीतरी विचारणारच. म्हणून माझं मत, यमन, बिहाग, भीमपलास, असा अंगवळणी पडलेला एकच राग न्या, पण असा न्या की मध्येच कुठनंही थांबवून "इथनं पुढं आलाप कर" म्हटलं तर करता आला पाहिजे.

दुसरं, विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं. आपल्या सांगली-मिरज पट्ट्यात नाट्यसंगीताच्या स्पर्धा भरपूर, मुलं त्यात तयार होतात, ताना फेकतात, टाळ्या घेतात. बालगंधर्वांचं नागठाणं आपल्याच जिल्ह्यातलं, त्यामुळं नाट्यगीत आपल्या रक्तात आहे म्हणायला हरकत नाही. पण एम.ए.च्या ऑडिशनला आधी विलंबित एकताल किंवा तिलवाडा लावतात आणि मग कळतं की मुलाला ठेका ऐकत समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायची सवयच नाही, कारण स्पर्धेत मध्यलयीची साडेचार मिनिटं असतात. तीन आवर्तनं झाली की घाई सुरू होते. तुमच्या मुलीला रोज पंधरा मिनिटं नुसता बडा ख्याल, म्हणजे विलंबितच, तान एकही नाही, असं तीन महिने करायला लावा. कंटाळा येतो, येऊ दे.

तिसरं म्हणजे स्वर लावणं. तंबोऱ्याचं अॅप आलं, फार सोय झाली, मीपण वापरते. पण ऑडिशनला एकदा समोर खरा तंबोरा ठेवला होता, थोडा उतरलेला, मुद्दाम नव्हे, पावसाळा होता, आणि मुलीला म्हटलं लावून घे. तिनं आधी खुंट्यांकडं बघितलं, मग आमच्याकडं. मिरजेची पोरगी! जिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, जिथं गल्लीत फिरलं तर भोपळ्यांची चळत दिसते, त्या गावची मुलगी जवारी, म्हणजे तारेची ती भरीव गुंजणारी आस, कशाला म्हणतात ते सांगू शकली नाही. तिला आम्ही घेतलं, गळा चांगला होता, पण गुण गेले ते गेले. तंबोऱ्याच्या गल्लीत एक दिवस घालवायचा, कारागीर माणसं कामात असतात पण जुन्या तंबोऱ्यावर हात फिरवू देतात, दोरा सरकवून जवारी कशी खुलते ते एकदा कानानं ऐकलं की आयुष्यभर विसरत नाही. आणि स्वतःची पट्टी, म्हणजे कुठल्या सुराला सा धरायचा ते, स्वतः ठरवा. क्लासमध्ये दहा मुलींना मिळून पेटीवरची एकच काळी चार धरलेली असते, त्यातल्या निम्म्यांचा गळा तिथला नसतोच, मग मंद्र पंचमाला आवाज नाहीसा होतो.

चौथं, लय. हातावर ताल धरून ठाय, दुगुन, चौगुन, म्हणजे एकपट, दुप्पट, चौपट लयीत, म्हणायला लावतात, मुली झपताल-रूपकला अडतात, तीनतालातच सगळा जन्म गेलेला असतो. रूपक सात मात्रांचा, त्याची सम 'खाली'च्या मात्रेवर, म्हणजे जिथं टाळी द्यायची नसते तिथं, इथंच टाळी चुकते. तबल्यावाल्या मुलांचं उलटं, त्यांची दुगुन-चौगुन पक्की, पण पेशकार, म्हणजे सोलोची सुरुवात, वाजवताना विस्तार न करता पाठ केलेलं वाजवतात, आणि लेहरा, म्हणजे साथीची धून, बदलला की गडबडतात. तबला घेऊन एम.ए. करणाऱ्यांनी सोलो तर तयार करावाच पण कुणाच्यातरी विलंबित ख्यालाला साथ करून बघावी, ठेका धरून ठेवणं हेसुद्धा विचारतात. संवादिनीवाल्यांनी मात्र आधी माहितीपत्रकात आपलं वाद्य मुख्य विषय म्हणून आहे का ते बघा, सगळीकडं नसतं.

आणि परीक्षकांनी मध्येच थांबवलं म्हणजे नापास असं समजू नका, उलट बऱ्याचदा जे कळायचं ते कळलं म्हणून थांबवतात. कितीतरी मुलं तिथं चेहरा पाडतात आणि पुढचे प्रश्न घालवतात.

थिअरीचं सांगायचं राहिलं, आणि बी.कॉम. झालेल्या मुलीचा खरा कच्चा दुवा हाच असतो. विशारदला थिअरी असते पण ती आपण परीक्षेच्या आधी पंधरा दिवस गाइडमधनं वाचतो, खोटं कशाला बोलायचं. एम.ए.च्या लेखी चाचणीत बावीस श्रुती, म्हणजे सप्तकातले बारीक स्वरभेद, सात स्वरांत कशा वाटल्या ते येतं, सा ला ४, रे ला ३, ग ला २, म ला ४, प ला ४, ध ला ३, नि ला २, हे गाण्यासारखं पाठ पाहिजे. रागांच्या वर्गवारीचे भातखंड्यांचे दहा थाट, व्यंकटमखीचे ७२ मेळ, संगीत रत्नाकर हा ग्रंथ लिहिणारा शारंगदेव तेराव्या शतकात देवगिरीला यादवांच्या पदरी होता, म्हणजे तो ग्रंथ आपल्या महाराष्ट्रात लिहिला गेला, घराणी आणि त्यांची वैशिष्ट्यं. घराण्यांचा प्रश्न आला तर मिरजेच्या मुलांनी तरी किराणा घराणं नीट लिहावं, अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ ला गेले, दर्ग्याच्या उरसात त्यांच्या नावानं अजून गाणं होतं, हे तुम्हाला पुस्तकातनं वाचायची गरज नाही, रात्री जाऊन बसा.

स्वरलिपीत एक गंमत आहे जिथं हमखास चुकतात. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक आणि खाली टिंब म्हणजे मंद्र. पलुस्कर पद्धतीत डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र! तार सप्तकाला डोक्यावर उभी रेघ. म्हणजे तेच टिंब, अर्थ उलटा. आणि भातखंड्यांत तीच उभी रेघ मध्यमावर आली तर तो तीव्र मध्यम. पेपरात 'खालील बंदिश वाचून राग ओळखा' आलं आणि पद्धत कुठली ते बघितलं नाही तर दोन सप्तकं इकडची तिकडं होतात. दोन्ही पद्धतीत एक एक बंदिश स्वतःच्या हातानं लिहून काढायची, त्याशिवाय डोक्यात बसत नाही.

कागदपत्रांचं पटकन सांगते. दहावी-बारावी, पदवीच्या सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र किंवा तात्पुरतं, टी.सी., दुसऱ्या विद्यापीठात गेलात तर मायग्रेशन, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र, जात प्रमाणपत्र असेल तर वैधतेसकट, एबीसी आयडी (क्रेडिटच्या सरकारी खात्याचा नंबर), आणि विशारदचं प्रमाणपत्र. यात विशारदचं बघून घ्या की ते 'पूर्ण' आहे, उपान्त्य विशारद म्हणजे विशारद प्रथम, ते चालत नाही, आणि नाव पदवीच्या प्रमाणपत्राशी जुळतंय का. मुलीनं क्लासला लहानपणी नाव घातलं तेव्हा घरातलं लाडाचं नाव लिहिलेलं, आणि तेच सात परीक्षांवर चढत गेलेलं, असं मी तीनदा बघितलंय. ते दुरुस्त करायला महिने लागतात, आजच बघा. विशारदचा निकाल यायचा असेल तर मंडळाच्या परीक्षा वर्षातनं दोनदा होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर, उन्हाळ्याच्या परीक्षेवर जूनचा प्रवेश अवलंबून ठेवू नका, आधीच्या हिवाळ्यात उरका.

परदेशाचं तुम्ही विचारलं नाही पण धाकट्या मुलाच्या कीबोर्डच्या, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षांचा उल्लेख केलाय म्हणून दोन ओळी. तिथंपण हीच गोष्ट आहे. ट्रिनिटीची ग्रेड आठ ही तिकडच्या पातळीनुसार तिसरी पातळी, म्हणजे साधारण बारावीच्या बरोबरची. त्यापुढच्या डिप्लोमांपैकी एटीसीएल चौथी, एलटीसीएल सहावी, एफटीसीएल सातवी. सहावी पातळी म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाएवढं अवघड, पण त्याचा अर्थ ती पदवी झाली असा नाही, फक्त अवघडपणा तेवढा, तीन वर्षांचा अभ्यास त्यात नाही. आपल्या विशारदसारखंच की. तिकडच्या मास्टर्सला पदवी, इंग्रजीची परीक्षा आणि रेकॉर्डिंग किंवा ऑडिशन असं मागतात, आणि रेकॉर्डिंग एका दमात केलेलं, न कापलेलं. हिंदुस्थानी संगीतच तिकडं जाऊन शिकायचं हे मला थोडं नवलाचं वाटतं, पण नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या कोडार्ट्स या कलासंस्थेत पं. हरिप्रसाद चौरसिया शिकवायचे, तेव्हा नाक मुरडायचं कारण नाही.

एम.ए.नंतर काय, हे प्रत्येक वडील विचारतात आणि विचारावंच. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए.ला ५५ टक्के पाहिजेत, राखीव प्रवर्गाला ५०, आणि वर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. पीएच.डी.लाही ५५ चीच अट. म्हणजे एम.ए. नुसतं पास होऊन भागत नाही, प्रवेशाला ४५ चालले म्हणून पोरं ढिली पडतात आणि ५३ वर अडकतात, मग नेटचा फॉर्मसुद्धा भरता येत नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात नामवंत गुरूंकडं शिकलेल्या आणि आकाशवाणीच्या 'अ' श्रेणी कलाकारांसाठी वेगळी वाट ठेवलीय, पण 'अ' श्रेणी ही एम.ए.पेक्षा कितीतरी लांबची गोष्ट आहे. तरी आकाशवाणीचं सांगली केंद्र दारात आहे, तिथली ऑडिशन देऊन 'ब' मिळाली तर मुलीला आत्मविश्वास येईल, एम.ए. करता करता करावं.

विशारदवर घर चालतं का असं पण तुमच्या प्रश्नात मागं कुठंतरी डोकावतंय, तर चालतं, माझं चाललं, पण क्लासची फी वेळेवर न देणारे पालक सांभाळायची तयारी पाहिजे, आणि हल्ली दहावीला कलेचे वाढीव गुण मिळतात म्हणून येणारी गर्दी दहावी झाली की गायब होते, मार्चनंतर क्लास रिकामा.

तर तुमच्यापुरतं असं करा. या आठवड्यात कोल्हापूरचं आणि पुण्यातल्या दोन ठिकाणांचं माहितीपत्रक काढा, पात्रतेचं वाक्य मला पाठवा, मी वाचून सांगते. मुलीचं विशारदचं प्रमाणपत्र कपाटातनं काढून नाव बघा. आणि तिला विचारा की तिची पट्टी कुठली, क्लासची नव्हे, तिची.